एका तारेचे वाद्य आणि चव्वेचाळीस मिनिटे : नाना वास्कोन्सेलोस यांचा ‘साउदादेस’ कसा ऐकावा

ज्याने लहानपणी दोन-चार वर्षे तबला शिकला आहे, त्याच्या हाती ब्राझीलच्या तालवाद्यांचा अल्बम पडला, की पहिल्या अर्ध्या मिनिटातच तो सम, म्हणजे तालाच्या आवर्तनाची पहिली मात्रा, शोधू लागतो. मीही तेच केले. नाना वास्कोन्सेलोस यांचा ‘साउदादेस’ पहिल्यांदा ऐकताना मी मांडीवर बोटांनी मात्रा मोजत बसलो होतो. पहिली रचना संपेपर्यंत मोजणी चार-पाच वेळा तुटली, आणि एकोणीस मिनिटे कानांवर पडलेल्या नादापैकी काहीही लक्षात राहिले नाही. अल्बम कित्येक महिने तसाच पडून होता. पुढे एका संध्याकाळी, बैठक सुरू होण्यापूर्वी कोणीतरी तानपुरे जुळवत असताना, हे दोन्ही नाद एकाच तऱ्हेने ऐकावे लागतात हे ध्यानात आले. या लेखात जे काही सांगायचे आहे ते एवढ्यावरच उभे आहे : हा अल्बम तालवाद्याचा असला तरी तो तबल्यासारखा ऐकू नये, तानपुऱ्यासारखा ऐकावा. तसे ऐकण्याची सवय कानाला कशी लावायची, याच्या पायऱ्या पुढे दिल्या आहेत. त्यांना साधारण तीन आठवडे लागतात, आणि घाई केल्यास उपयोग होत नाही.

सुरुवातीला थोडी ओळख

नाना वास्कोन्सेलोस यांचा जन्म १९४४ साली ब्राझीलच्या ईशान्य किनाऱ्यावरील रेसिफे या शहरात झाला आणि २०१६ साली तेथेच त्यांचे निधन झाले. वडील संगीतकार असल्यामुळे कोवळ्या वयातच त्यांच्या हाती बोंगो हे छोटे जोडढोल आणि माराकास हे खुळखुळे आले. पुढे ते रिओला गेले, ब्राझीलचे गायक मिल्तोन नासिमेंतो यांच्याबरोबर वाजवू लागले आणि १९७०च्या दशकाच्या आरंभी युरोपात पोहोचून काही वर्षे पॅरिसला राहिले. (त्यांच्या नावाचा उच्चार करताना जोर दुसऱ्या ‘ना’वर द्यावा लागतो, मराठी माणसाच्या तोंडी मात्र ते घरातल्या वडीलधाऱ्या नानांसारखेच येते, आणि त्याला माझा इलाज नाही.)

‘साउदादेस’चे ध्वनिमुद्रण मार्च १९७९ मध्ये जर्मनीतील लुडविग्सबुर्ग येथे झाले आणि १९८० साली म्युनिकच्या ईसीएम या संस्थेने तो प्रकाशित केला. निर्माते होते मानफ्रेड आयकर. या ध्वनिमुद्रणात श्टुटगार्ट रेडिओच्या वाद्यवृंदातील तंतुवाद्ये आहेत, आणि ब्राझीलचेच एग्बेर्तो जिस्मोंती एका रचनेत गिटार वाजवतात. एकूण रचना पाच असून त्यांतली पहिली, ‘ओ बेरिंबाउ’ (बेरिंबाउ म्हणजेच शीर्षकातले एका तारेचे वाद्य), एकटीच सुमारे १९ मिनिटांची आहे. सगळा अल्बम चव्वेचाळीस मिनिटांच्या आसपास संपतो.

‘साउदाद’ म्हणजे दूर गेलेल्या, हरवलेल्या, कदाचित परत न येणाऱ्या गोष्टीबद्दलची हुरहुर. ‘साउदादेस’ हे त्याचे अनेकवचन. पोर्तुगीजांबरोबर हा शब्द गोव्यातही आला, आणि तेथील जुन्या पिढीला तो समजावून सांगावा लागत नाही. इतरांनी त्याला ‘विरह’ या एका शब्दात बसवण्याचा प्रयत्न करू नये. विरहात कोणीतरी एक व्यक्ती डोळ्यांसमोर असते. साउदाद एखाद्या दुपारबद्दल, एखाद्या वासाबद्दलही वाटू शकते.

पहिली पायरी : साधनांची व्यवस्था

हा भाग थोडक्यात उरकतो, परंतु टाळता येणार नाही. मोबाइलच्या स्वतःच्या स्पीकरवर हा अल्बम ऐकू नये. बेरिंबाउ या वाद्याचा मूळ सूर फार खर्जातला नसला, तरी त्याच्या भोपळ्याची गोलाई त्या चिमुकल्या स्पीकरमध्ये पूर्णपणे नाहीशी होते आणि उरतो तो केवळ तारेचा टणत्कार. मध्यम प्रतीचा, तारेने जोडायचा हेडफोन पुरतो. प्रवाही (स्ट्रीमिंग) सेवेवर ऐकत असाल, तर गाण्यांचा क्रम उलटसुलट करणारी सोय आणि सर्व गाण्यांचा आवाज एका पातळीवर आणणारी सोय, या दोन्ही बंद कराव्यात. मंद आणि जोरदार यांमधला फरक हाच येथील मजकूर आहे, आणि तो सपाट झाला तर ऐकण्यासारखे फारसे शिल्लक राहत नाही. ईसीएमचा संग्रह २०१७च्या नोव्हेंबरपासून प्रवाही सेवांवर उपलब्ध आहे, त्यामुळे तबकडीसाठी वणवण करावी लागत नाही.

गाडी चालवताना किंवा स्वयंपाक करताना हा अल्बम लावू नये, निदान पहिले तीन आठवडे तरी. कुकरच्या शिट्टीपुढे हे संगीत टिकत नाही.

दुसरी पायरी : वाद्य समजून घेणे

अल्बम लावण्यापूर्वी दोन दिवस फक्त वाद्य समजून घेण्यासाठी द्यावेत. मी हे केले नव्हते, आणि म्हणूनच पहिल्या वेळी फसलो.

बेरिंबाउ म्हणजे धनुष्य. सुमारे चार-पाच फूट लांबीची, चिवट लाकडाची काठी वाकवून तिच्या दोन टोकांमध्ये पोलादी तार ताणलेली असते. ही तार पुष्कळदा मोटारीच्या जुन्या टायरच्या कडेतून सोलून काढलेली असते. काठीच्या खालच्या टोकापासून वीतभर वर, वाळवून कोरलेला आणि तोंडाशी कापलेला एक भोपळा दोरीच्या फासाने बांधतात. हा फास काठी आणि तार या दोघांनाही कवेत घेतो, त्यामुळे तारेची थरथर थेट भोपळ्यात उतरते. मिरजेला तानपुरे आणि सतारी घडवणाऱ्यांच्या दुकानांत छताला टांगलेले भोपळे ज्याने पाहिले आहेत, त्याला भोपळा नादाचे काय करतो हे वेगळे सांगायला नको. फरक इतकाच, की तानपुऱ्याचा भोपळा चारही बाजूंनी बंदिस्त असतो, आणि बेरिंबाउचा भोपळा वादकाच्या पोटाकडे तोंड करून उघडा असतो.

आता हात पाहू. डाव्या हाताच्या करंगळीवर, दोरीच्या फासाखाली, सगळ्या वाद्याचा भार येतो. मधली दोन बोटे काठी धरतात. आणि अंगठा व तर्जनी यांच्यामध्ये एक गुळगुळीत दगड किंवा जाडसर नाणे असते. उजव्या हातात वीतभरापेक्षा थोडी लांब, बारीक काडी असते, आणि त्याच हाताच्या बोटांत ‘काशिशी’ नावाची, बिया भरलेली विणलेली छोटी टोपली अडकवलेली असते. काडीचा प्रत्येक आघात झाला की काशिशीही खुळखुळते, आणि वादकाने ठरवले तर आघाताशिवायही खुळखुळते.

एवढ्या साहित्यातून तीन मुख्य नाद निघतात. दगड तारेपासून दूर ठेवून आघात केला तर मोकळा, खालचा सूर. दगड तारेवर घट्ट दाबला तर त्याहून साधारण एका स्वराने चढा सूर. आणि दगड तारेला नुसता टेकवला, धड दाबला नाही आणि धड सोडला नाही, तर एक खरखरीत, भणभणणारा नाद. हा तिसरा नाद ऐकून बहुतेकांना वाटते, की वादकाचा हात चुकला. तसे नाही. तानपुऱ्याच्या घोडीवर सुताचा धागा सरकवून जवारी काढतात, तेव्हा कंप पावणारी तार घोडीच्या पृष्ठभागाला किंचित घासत राहते आणि त्यातून तो झंकार उमटतो. येथे घोडीचे काम दगड करतो. जवारी ज्याच्या कानाला गोड लागते, त्याने या भणभणाटाला दोष देण्याचे कारण नाही.

चौथी गोष्ट तंत्राच्या दृष्टीने सोपी आणि परिणामाच्या दृष्टीने सर्वांत मोठी आहे. वादक भोपळ्याचे तोंड पोटाला टेकवतो आणि दूर नेतो. टेकवले की नाद दबतो, दूर नेले की खुलतो. आघात तोच, सूर तोच, परंतु ‘ऊ’चा ‘आ’ होतो. तार एकच असली तरी वाद्य बोलल्याचा भास होतो तो यामुळे.

हे वाचून पटत नसेल, तर घरीच एक प्रयोग करून पाहावा. मोबाइलवर कोणताही एकसारखा, लांब चालणारा सूर लावावा. तानपुऱ्याचे अ‍ॅप असेल तर उत्तमच. स्टीलच्या रिकाम्या तांब्याचे तोंड मोबाइलच्या स्पीकरजवळ आणावे आणि दूर न्यावे, पुन्हा जवळ आणावे. सूर बदलत नाही, पण त्याचा रंग बदलतो. पाच मिनिटे हा खेळ केला, की कानाला नेमके काय पकडायचे आहे ते कळते. मी याच्या पुढे जाऊन बांबूची कामटी, गिटारची तार आणि नारळाची करवंटी घेऊन घरीच बेरिंबाउ बांधण्याचा उद्योगही केला होता. करवंटी फारच लहान ठरली, तिच्यातून डासाच्या गुणगुणण्याइतका आवाज निघाला, आणि दुसऱ्या दिवशी करंगळीला फोड आला. हा प्रयोग करण्याची शिफारस मी करणार नाही; मात्र त्या फोडामुळे हे वाद्य उभ्याने, तासन्‌तास वाजवणाऱ्यांविषयीचा माझा आदर वाढला.

तिसरी पायरी : वाद्य त्याच्या घरी ऐकणे

नाना वास्कोन्सेलोस यांनी बेरिंबाउला कुठून कुठे नेले, हे कळण्यासाठी ते मूळचे कुठले हे ऐकलेले असावे लागते. ते घर म्हणजे कापोइरा. नृत्य, कुस्ती आणि खेळ यांच्या सीमेवरची ही कला प्रामुख्याने बाहिया प्रांतात, साल्वादोर शहराच्या परिसरात जोपासली गेली. आफ्रिकेतून गुलाम म्हणून ४० लाखांहून अधिक माणसे ब्राझीलमध्ये आणली गेली. त्यांच्याबरोबर अंगोला आणि आसपासच्या प्रदेशांतली धनुष्यवाद्येही आली, आणि बेरिंबाउ हे त्यांचेच वंशज आहे. गुलामगिरी १८८८ साली संपली, परंतु १८९०च्या दंडसंहितेने कापोइरा हाच गुन्हा ठरवला. तेच कापोइराचे वर्तुळ २०१४ साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेले.

माणसे गोल करून उभी राहतात, मधोमध दोघे खेळतात, आणि तीन आकारांचे तीन बेरिंबाउ खेळ चालवतात. सर्वांत खर्जातला ‘गुंगा’ बहुधा हुकूम सोडतो. बेरिंबाउची गती वाढली की खेळ चढतो, मंदावली की शरीरे जमिनीलगत सरपटू लागतात.

कापोइराच्या वर्तुळाचे एखादे चलचित्र शोधून, खेळणाऱ्यांकडे न पाहता, डोळे मिटून ऐकावे. ‘अंगोला’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वादनाला मी माझ्यापुरते बोल दिले आहेत : छि-छि डों डिं. दोनदा भणभणाट, मग मोकळा सूर, मग दाबलेला सूर, आणि थोडी विश्रांती, जिच्यात फक्त काशिशी खुळखुळते. शेवटचे दोन सूर उलटे झाले, म्हणजे छि-छि डिं डों असे, की ते साधारणपणे ‘साओ बेंतो पेकेनो’ नावाचे वादन होते. हे बोल दोन-तीनशे वेळा तोंडाने म्हणावेत. तबल्यातला ‘कायदा’, म्हणजे ठरावीक बोलांची रचना, पाठ करताना जसे म्हणतो तसेच. तबल्याचे संस्कार येथे उपयोगी पडतात, आणि या अल्बमच्या बाबतीत ते उपयोगी पडण्याची ही बहुधा शेवटची जागा आहे.

चौथी पायरी : ‘ओ बेरिंबाउ’ चार वेळा

येथे मात्र रेंगाळावे. ही एकच रचना चार वेगवेगळ्या दिवशी ऐकावी आणि दर वेळी कानाला एकच काम द्यावे. चारही कामे एका बैठकीत करू पाहणारा श्रोता माझ्यासारखाच रिकाम्या हातांनी उठतो.

पहिल्या दिवशी फक्त दोन सुरांकडे लक्ष द्यावे : मोकळा की दाबलेला, एवढेच. ‘छि-छि डों डिं’ पाठ झालेले असल्यामुळे कान त्याची वाट पाहील, आणि ते आपल्या अपेक्षेप्रमाणे सतत येत नाही हे लवकरच जाणवेल. वर्तुळ चालवण्याची जबाबदारी येथे बेरिंबाउवर नाही. त्याच्या तालावर कोणी लाथ चुकवणार नाही आणि कोणी कोलांटी घेणार नाही. म्हणून वादक एखादा बोल तोडतो, त्याचा तुकडा घोळवतो, गती ओसरू देतो आणि पुन्हा उचलतो. सम शोधण्याची खोड याच दिवशी सर्वांत जास्त सतावते. तिच्यावर माझा उपाय साधा आहे : दोन्ही हात कशात तरी गुंतवून ठेवावेत. मी उशी धरून बसतो. मांडीवर बोट पडले नाही, की मोजणीही पडत नाही.

दुसऱ्या दिवशी काशिशी. हा दिवस मला सर्वांत आवडतो, कारण पहिल्या दिवशी जो नाद केवळ पार्श्वभूमीचा कचरा वाटला होता तो या दिवशी समोर येऊन बसतो. तारेवरील आघाताबरोबर होणारा खुळखुळाट, आघातांच्या मधल्या जागेत मुद्दाम केलेला खुळखुळाट आणि वादकाचा हात नुसता हलल्यामुळे झालेला खुळखुळाट, असे निदान तीन प्रकार वेगळे काढण्याचा प्रयत्न करावा. तिसरा प्रकार प्रत्येक वेळी खात्रीने ओळखता येत नाही, आणि नाही आला तरी चालते. मुद्दा असा, की तारेचा सूर विरत असताना काळ पुढे नेण्याचे काम बियांनी भरलेली ती मूठभर टोपली करत असते.

तिसऱ्या दिवशी भोपळा. तांब्याचा प्रयोग आठवावा आणि प्रत्येक सुराचे तोंड उघडे आहे की मिटलेले, हे ओळखत जावे. काही वेळाने ध्यानात येते, की सूर वाजून गेल्यानंतरही, त्याच्या विरण्यामध्येच भोपळा उघडतो आणि मिटतो. एकाच आघातातून ‘वाँव’ असा हेलकावा निघतो. डग्ग्यावर मनगट सरकवून काढलेल्या घिस्स्याची आठवण येईल, आणि ती येणे स्वाभाविक आहे. परंतु घिस्स्यात सूरच चढतो आणि उतरतो, येथे सूर जागचा हलत नाही आणि फक्त त्याचा रंग बदलतो. हा फरक कानाला एकदा उमगला, की हा अल्बम तुमचा झाला असे समजायला हरकत नाही. वास्कोन्सेलोस यांची काडी केवळ तारेवर थांबत नाही, लाकडावर आणि भोपळ्याच्या कवचावरही जाते. तेही याच दिवशी टिपावे.

चौथ्या दिवशी तंतुवाद्ये. हे मी शेवटी ठेवले आहे, कारण व्हायोलिनांचा समूह आला की कान आपोआप त्याच्यामागे धावतो आणि बेरिंबाउ साथीला ढकलला जातो. पाश्चात्त्य वाद्यवृंदापुढे एक लोकवाद्य ‘सादर’ करण्याचे प्रयोग जगात पुष्कळ झाले आहेत आणि त्यांतले बरेच मला ओशाळवाणे वाटतात. लोकवाद्याला पाहुण्यासारखे बसवायचे, दोन टाळ्या द्यायच्या आणि वाद्यवृंदाने आपले म्हणणे पुढे रेटायचे, असा तो प्रकार असतो. येथे मला तसे वाटत नाही. या दिवशी एकच प्रश्न मनात धरून ऐकावे : या क्षणी तंतुवाद्ये एकतारी सुराच्या खाली आहेत, वर आहेत, की त्याच्या मागे दूर कुठेतरी आहेत? आणि ती गप्प होतात तेव्हा जी पोकळी उरते, तिच्यात एक तार किती जागा व्यापते, हेही पाहावे.

पाचवी पायरी : उरलेल्या चार रचना

येथे फार पथ्यपाणी नाही. एव्हाना कान तयार झालेला असतो. या चारही रचना सलग, एका बैठकीत ऐकाव्यात.

‘वोझेस’ म्हणजे आवाज, म्हणजे माणसांचे कंठ. तीनेक मिनिटांच्या या रचनेत वास्कोन्सेलोस यांनी आपला गळा वाद्यासारखा वापरला आहे. गाण्याचे शब्द शोधू नयेत. आलापात आपण शब्द शोधतो का? ‘ओंदास’ म्हणजे लाटा, आणि ती साधारण आठ मिनिटांची आहे.

‘सेगो अदेराल्दो’ या दहा मिनिटांच्या रचनेवर मात्र थोडे थांबावे. ‘सेगो’ म्हणजे अंध. अदेराल्दो हे ब्राझीलच्या ईशान्य भागातील सेआरा प्रांताचे एक अंध लोककवी आणि गायक होते. १८७८ ते १९६७ हा त्यांचा काळ. या प्रदेशात दोन गायक समोरासमोर उभे राहून, हातातल्या वाद्याच्या साथीने, जागच्या जागी रचलेल्या कडव्यांनी एकमेकांना सवाल-जबाब करतात, आणि अदेराल्दो त्या परंपरेतले मोठे नाव. सवाल-जबाब हा शब्द मराठी वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही. आपल्या शाहिरांचे फड आणि ब्राझीलच्या ईशान्येतले हे सामने यांचा एकमेकांशी काही संबंध नसला, तरी कान लावण्याची रीत तीच : कोण विचारतो आहे आणि कोण उत्तर देतो आहे. जिस्मोंती यांची गिटार येते ती याच रचनेत. दोघेही सवाल टाकतात असे समजून ती ऐकावी, आणि मग एकदा तसे न समजता ऐकावी. मला दुसऱ्या वेळी ती अधिक आवडली.

साडेतीन मिनिटांच्या ‘दादो’ने अल्बम संपतो.

सहावी पायरी : मुद्दाम उलटे काहीतरी ऐकणे

ब्राझील म्हटले की सांबा, ही समजूत या अल्बमच्या आड येते, म्हणून तिचा निकाल तिसऱ्या आठवड्यात लावावा. लुसियानो पेरोने यांचा साठच्या दशकातला ‘बातुकादा फांतास्तिका’ त्यासाठी योग्य आहे : त्यात रिओचे सांबाचे तालवाद्यवृंद, त्यांची वाद्ये आणि त्यांची वीण ऐकायला मिळते. येथे मोजणी करण्यास पूर्ण मुभा आहे, किंबहुना ती करावीच. मात्र एक सापळा ध्यानात ठेवावा. सांबा दोन मात्रांचा असतो आणि ‘सुर्दू’ या मोठ्या ढोलाचा वजनदार ठोका दुसऱ्या मात्रेवर पडतो. आपला कान वजनदार ठोक्याला सम मानण्यास सरावलेला असल्यामुळे मराठी श्रोता अर्ध्या मिनिटात पहिल्याला दुसरा आणि दुसऱ्याला पहिला समजू लागतो, आणि वरची सगळी वाद्ये त्याला उलटी ऐकू येतात. जड ठोक्यावर मुद्दाम ‘दोन’ म्हणत राहावे. सुरुवातीला जीभ अडखळते, आणि मग एका क्षणी ‘तांबोरिम’ या छोट्या डफाची बारीक टिकटिक जागेवर येऊन बसते.

त्यातला कण्हणारा, हसणारा, माकडासारखा आवाज हा ‘कुईका’चा. या ढोलाच्या चामड्याला आतून एक बारीक काडी बांधलेली असते. वादक ओल्या फडक्याने ती काडी चोळतो आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने बाहेरून चामडे दाबत सूर चढवतो-उतरवतो.

वास्कोन्सेलोस यांचे स्वतःचे गाव यांपैकी कोणत्याही एका चौकटीत बसत नाही. रेसिफेचे मोठे तालसंगीत म्हणजे मराकातू : दोऱ्यांनी ताणलेले ‘अल्फाया’ नावाचे लाकडी ढोल, लोखंडी घंटा, आणि मण्यांची जाळी घातलेले भोपळे. काँगोच्या राजा-राणीच्या राज्याभिषेकाची स्मृती त्या मिरवणुकांमध्ये जपलेली आहे. अखेरच्या काळात अनेक वर्षे रेसिफेच्या कार्निव्हलचा आरंभ वास्कोन्सेलोस या मराकातू पथकांच्या शेकडो ढोलवादकांना एकत्र वाजवायला लावून करीत असत. त्याची चलचित्रे पाहावीत. ‘साउदादेस’मध्ये एका तारेला एवढी जागा देणारा माणूस तो हाच, हे जाणून मग पुन्हा ‘ओ बेरिंबाउ’ लावावा.

पुढची वाट

आवड लागल्यास मागे आणि पुढे, दोन्हीकडे जाता येते. मागे गेल्यास १९७३चा ‘आफ्रिकादेउस’ आहे. त्यात तंतुवाद्यांचे आवरण नाही, त्यामुळे बेरिंबाउ अधिक रांगडा लागतो. जिस्मोंती यांच्याबरोबरचा ‘दांसा दास काबेसास’ १९७६च्या नोव्हेंबरमध्ये ऑस्लो येथे मुद्रित झाला, आणि तो मी ‘साउदादेस’च्या आधी ऐकला असता तर माझी वाट सोपी झाली असती.

पुढे गेल्यास ‘कोडोना’ हे त्रिकूट भेटते : वास्कोन्सेलोस, ट्रम्पेटवादक डॉन चेरी आणि कॉलिन वॉलकॉट. वॉलकॉट सतार रविशंकरांकडे आणि तबला अल्लारखाँ यांच्याकडे शिकले होते. त्यांच्या हातून सतार आणि तबला येतात आणि बेरिंबाउ त्यांच्या शेजारी बसतो, तेव्हा आपल्या कानांची मोजणीची सवय पुन्हा उफाळून येते. ती येऊ द्यावी, आता ती त्रास देत नाही. १९८४ साली पूर्व जर्मनीत बसच्या अपघातात वॉलकॉट गेले. ‘ओरेगॉन’ या त्यांच्या दुसऱ्या समूहातील रिकामी जागा पुढे त्रिलोक गुर्टू यांनी घेतली. मुंबईत वाढलेले, ठुमरीच्या थोर गायिका शोभा गुर्टू यांचे हे चिरंजीव. त्यांच्या १९९१च्या ‘लिव्हिंग मॅजिक’मध्ये खुद्द वास्कोन्सेलोस वाजवतात. तबल्याच्या हातांनी घडलेला एक वादक आणि बेरिंबाउच्या भोपळ्याने घडलेला दुसरा, असे दोघे त्यात एकत्र ऐकायला मिळतात. तो लावताना हेडफोन काढून ठेवावा, खोलीत मोकळ्या आवाजात लावावा, आणि पलीकडच्या खोलीत बसून कोणता नाद कोणाचा ते ओळखत राहावे.